उच्च शिक्षणातील संशोधन : आधी मोजपट्टी तपासण्याची गरज

उच्च शिक्षण संस्थांमधील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या प्रश्नाचा अभ्यास करून आत्महत्या रोखण्याचे उपाय सुचविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्यानंतर चार महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, न्यायालयाने देशभरातील शिक्षण संस्थांसाठी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता.

मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात होते, त्यामुळे तिचा आकडा मिळतो. मात्र त्याआधीचे महिने कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत. त्या काळातील ताण, एकटेपणा, वसतिगृहात जाणवणारा परकेपणा, नापास होण्याची धास्ती आणि घरच्या कर्जाचे ओझे यांची माहिती विद्यार्थ्यांना विचारूनच मिळू शकते. विचारण्याचे रूढ साधन म्हणजे प्रश्नावली. त्यामुळे महाविद्यालये, विद्यापीठे, संशोधक विद्यार्थी आणि शासकीय समित्या प्रश्नावल्या भरून घेतात. त्यातून ‘इतके टक्के विद्यार्थी तणावग्रस्त’ असा निष्कर्ष निघतो, त्याची बातमी होते आणि पुढे त्याच आकड्याच्या आधारे समुपदेशकांची पदे, निधी आणि नियम ठरतात.

या सगळ्या प्रक्रियेत एक प्रश्न फारच क्वचित विचारला जातो. हा ताण ज्या मोजपट्टीने मोजला, ती मोजपट्टी कोणी व कशी तपासली होती? वरवर पाहता हा प्रश्न संशोधन पद्धतीच्या वर्गातला, तांत्रिक स्वरूपाचा वाटतो. परंतु उच्च शिक्षणासंबंधीचे अनेक निर्णय आता अशाच मोजमापांवर अवलंबून असल्यामुळे तो सार्वजनिक महत्त्वाचा झाला आहे.

न दिसणाऱ्या गोष्टीचे मोजमाप

विद्यार्थ्याची उंची मोजायची तर फूटपट्टी लावता येते. त्याचे समाधान, त्याची प्रेरणा किंवा त्याला वाटणारी भीती यांना अशी पट्टी लावता येत नाही. या गोष्टी थेट दिसत नाहीत. त्यांच्या खुणा तेवढ्या दिसतात. मनोवृत्तींचे मोजमाप करता येते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांनी १९२८ मध्ये मांडले. १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांनी त्यासाठी अधिक सोपी रीत सुचविली. एकाच विषयावरची अनेक विधाने द्यायची आणि प्रत्येकापुढे ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय ठेवून मिळालेल्या गुणांची बेरीज करायची, अशी ती रीत होती. एखादे विधान चुकीचे समजले गेले तरी बाकीची विधाने ती चूक काही प्रमाणात भरून काढतात, हा त्यामागचा विचार.

ही रीत इतकी सुटसुटीत होती की ती जगभर पसरली. आज भारतातील शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन, मानसशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र या विषयांतील प्रबंधांमध्ये पाच पर्यायांची प्रश्नावली हमखास आढळते. सुटसुटीतपणाचा तोटाही तिथेच आहे. पंचवीस विधाने एका संध्याकाळी लिहून होतात, संगणकावरचा अर्ज तासाभरात तयार होतो आणि आठवडाभरात दोन-तीनशे जण तो भरून देतात. आकडे हाती येतात. परंतु ही पंचवीस विधाने केवळ प्रश्नांची यादी आहेत, की त्यांची मिळून एक मापनश्रेणी झाली आहे, हे त्या आकड्यांकडे पाहून कळत नाही. त्यासाठी वेगळे काम करावे लागते आणि ते वेळखाऊ आहे.

श्रेणी कशी घडते

एक उदाहरण घेऊ. घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या महाविद्यालयाविषयी कितपत आपलेपणा वाटतो, हे एखाद्या संशोधिकेला मोजायचे आहे. पहिले काम व्याख्येचे. आपलेपणा म्हणजे मित्र असणे, शिक्षकांनी नावाने ओळखणे, की वर्गात शंका विचारताना भीती न वाटणे? यांतील काय समाविष्ट करायचे आणि काय वगळायचे, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी पुस्तके पुरत नाहीत. विद्यार्थ्यांशी बोलावे लागते आणि तेही त्यांच्या भाषेत. कोणी सांगेल की, भोजनगृहात कोणत्या टेबलावर बसायचे हे रोज ठरवावे लागते. दुसरा कोणी सांगेल की, कार्यालयाच्या खिडकीशी जायला पाय उचलत नाही. चांगली विधाने अशा बोलण्यातूनच मिळतात.

यातून साठ-सत्तर विधाने जमतात. ती विषयतज्ज्ञांपुढे ठेवून प्रत्येक विधान आवश्यक आहे का, असे विचारतात. सी. एच. लॉशे यांनी १९७५ मध्ये यासाठी एक साधे सूत्र दिले. दहा तज्ज्ञांपैकी आठ जणांनी विधान आवश्यक ठरविले, तर निम्म्याहून जास्त असलेल्या तीन मतांना पाचने भागून ०.६० हे गुणोत्तर येते. लॉशे यांच्या कोष्टकात दहा तज्ज्ञांसाठी किमान मर्यादा ०.६२ आहे. म्हणजे दहापैकी आठ जणांची संमती मिळूनही ते विधान थोडक्यात गळते. ‘प्रश्नावली तज्ज्ञांकडून तपासून घेतली’ या प्रबंधातील नेहमीच्या वाक्यामागे किती काटेकोरपणा अपेक्षित असतो, हे यावरून लक्षात यावे.

तज्ज्ञांनंतर पाळी विद्यार्थ्यांची. आठ-दहा विद्यार्थ्यांना समोर बसवून प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावायचे आणि त्यातून काय समजले ते विचारायचे. या टप्प्याला खर्च जवळपास नाही, तरीही नेमका तोच वगळला जातो. ‘माझे शिक्षक वेळेवर येतात आणि मन लावून शिकवतात’ हे विधान घ्या. वेळेवर येणारे पण मन लावून न शिकवणारे शिक्षक असतील, तर विद्यार्थ्याने खूण कुठे करायची? एका विधानात दोन प्रश्न आले की उत्तराचा अर्थ लागत नाही. ‘मला वर्गात एकटे वाटत नाही, असे नाही’ अशी दुहेरी नकाराची विधाने तर विद्यार्थी दोनदा वाचूनही उलट समजतो.

यानंतर पथदर्शक चाचणी आणि मग मोठ्या नमुन्यावर विधाने भरून घेणे. घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने कोणती विधाने एकमेकांसोबत चालतात हे पाहतात. आपलेपणाचे तीन पैलू असतील असे संशोधिकेने मानले होते, पण आकडे दोनच गट दाखवतात, असे होऊ शकते. अशा वेळी विधाने गाळावी लागतात, कधी मूळ व्याख्याच सुधारावी लागते. आणि जी रचना सापडली ती योगायोगाने आली नाही ना, हे पडताळण्यासाठी दुसऱ्या, नव्या विद्यार्थ्यांवर तीच श्रेणी पुन्हा वापरावी लागते. ज्यांच्या उत्तरांतून रचना शोधली, त्यांच्याच उत्तरांवर ती सिद्ध करणे म्हणजे आपणच काढलेल्या प्रश्नपत्रिकेचे उत्तर आधी पाहून परीक्षा देण्यासारखे आहे.

विश्वसनीयतेच्या आकड्याची भुरळ

या सर्व टप्प्यांची जागा अनेकदा एकच आकडा घेतो. ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मधील लेखात मांडलेला अल्फा गुणांक श्रेणीतील विधानांची अंतर्गत सुसंगती दाखवतो. तो ०.७० च्या वर असला की श्रेणी विश्वसनीय, असा संकेत रूढ झाला आहे. संगणक तो क्षणात काढून देतो. त्यामुळे ‘अल्फा ०.८३ आला, म्हणून साधन प्रमाणित आहे’ असा युक्तिवाद सहज केला जातो.

या आकड्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. अल्फा दोन गोष्टींवर अवलंबून असतो : विधानांमधील सरासरी सहसंबंध आणि विधानांची संख्या. समजा, विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.२० इतका क्षीण आहे. पाच विधाने असतील तर प्रमाणित सूत्रानुसार अल्फा ०.५६ येतो. तशीच दहा विधाने घेतली तर ०.७१, वीस घेतली तर ०.८३ आणि चाळीस घेतली तर ०.९१. विधानांमधील नाते तसूभरही सुधारले नाही. यादी लांबली एवढेच. म्हणजे कमकुवत श्रेणी बळकट दिसावी यासाठी फक्त विधाने वाढविणे पुरेसे ठरते.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. विश्वसनीयता म्हणजे मोजमापातील सातत्य आणि वैधता, म्हणजे शिक्षणशास्त्रातील सप्रमाणता, म्हणजे त्या मोजमापाचा आपण लावलेला अर्थ बरोबर असणे. पाच किलोच्या वजनात दोनशे ग्रॅमची खोट असेल तर तो तराजू दररोज तेच चुकीचे माप देईल. त्याच्या सातत्यात दोष नाही. तरी गिऱ्हाईक फसतेच. आपलेपणाची म्हणून तयार केलेली श्रेणी प्रत्यक्षात विद्यार्थ्याचा बोलका स्वभाव मोजत असेल, तर अल्फा कितीही चांगला आला तरी निष्कर्ष चुकेल. म्हणून वैधतेसाठी बाहेरचा पुरावा लागतो. आपलेपणाचे गुण जास्त असलेले विद्यार्थी वर्षाअखेर शिक्षण सोडून जाण्याचे प्रमाण कमी आहे का? ज्यांचा आपलेपणाशी संबंध नसावा अशा गोष्टींशी या गुणांचा संबंध खरोखरच नाही ना? क्रॉनबॅक आणि पॉल मील यांनी १९५५ मध्ये वैधतेविषयीचा हा विचार मांडला. अमेरिकेतील तीन व्यावसायिक संघटनांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांविषयीच्या मानकांमध्ये (अलीकडील आवृत्ती २०१४) वैधता हा श्रेणीचा कायमचा गुणधर्म मानलेला नाही. विशिष्ट गटावर, विशिष्ट हेतूने केलेल्या वापरापुरता गुणांचा जो अर्थ लावला जातो, त्याला किती पुरावा आहे, हे तेथे महत्त्वाचे ठरते.

उसनी मोजपट्टी आणि मराठी विद्यार्थी

भारतीय संशोधकापुढे याखेरीज एक वेगळी अडचण असते. वापरात असलेल्या बहुतेक प्रसिद्ध श्रेणी परदेशात, इंग्रजीत आणि तेथील विद्यार्थ्यांसाठी तयार झाल्या आहेत. विद्यार्थ्यांचा आपलेपणा मोजण्यासाठी वारंवार उल्लेखली जाणारी कॅरोल गुडिनाऊ यांची १८ विधानांची श्रेणी १९९३ मधील असून ती अमेरिकेतील शाळकरी, किशोरवयीन मुलांसाठी बनवलेली होती. ती नांदेडच्या किंवा इंदूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

केवळ भाषांतराने हा प्रश्न सुटत नाही. इंग्रजीतून मराठीत एका अनुवादकाने आणावे, मूळ न पाहता दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे आणि दोन्ही पाठ ताडून पाहावेत, ही रिचर्ड ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडलेली रीत उपयुक्त आहे. तथापि तिलाही मर्यादा आहेत. अभ्यासक्रम ‘आव्हानात्मक’ आहे का, असे मराठीत विचारले तर शब्द बरोबर असतो, उलट अनुवादही जुळतो. पण इंग्रजीत त्या शब्दाला असलेली उमेदीची छटा अनेक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यांना ‘अवघड’ एवढेच समजते. मग जे विधान प्रेरणा मोजण्यासाठी घातले, ते भीती मोजू लागते. ‘मी शिक्षकांशी मोकळेपणाने वाद घालू शकतो’ या विधानाला नकार देणारा विद्यार्थी भित्रा असेलच असे नाही; गुरुजनांशी वाद घालू नये असे त्याला घरी शिकवलेले असू शकते.

मराठीपुरते सांगायचे तर या कामाची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कानडी रूप तयार केले. ते करताना परदेशी प्रश्न नुसते भाषांतरित न करता येथील मुलांवर चाचणी घेऊन ती बेतावी लागली. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे अनेक दशके देशभर वापरात राहिली. तिच्या दीर्घायुष्यातून एक धोकाही पुढे आला. एका पिढीवर ठरवलेली प्रमाणके पुढच्या पिढ्यांना लावत राहिल्यास गुणांचा अर्थ बदलतो. मोजपट्टी एकदा तपासून भागत नाही. ती वेळोवेळी पुन्हा तपासावी लागते.

मानसिक आरोग्याच्या सर्वेक्षणात वापरल्या जाणाऱ्या साधनांचेही तसेच आहे. नैराश्याच्या चाचपणीसाठीची ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या दोन आठवड्यांतील त्रासाविषयी ती विचारते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन, असे एकूण शून्य ते सत्तावीस गुण असतात आणि दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणीची गरज मानली जाते. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांची प्राथमिक चाचपणी हा तिचा मूळ हेतू होता आणि त्यासाठी ती उत्तम गणली जाते. पण झोप, भूक आणि थकवा यांविषयीचे प्रश्न सत्र परीक्षेच्या आदल्या पंधरवड्यात वसतिगृहात विचारले, तर गुण वाढणारच. त्या गुणांवरून ‘निम्मे विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ असा मथळा देणे चुकीचे आहे. चाचपणीचे साधन निदान करत नाही आणि परीक्षेचा पंधरवडा म्हणजे संपूर्ण वर्ष नव्हे.

याच प्रश्नावलीतील नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याला होकार देणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत त्याच दिवशी कोण पोहोचणार, हे ठरवल्याशिवाय ती वाटणे गैर आहे. निनावी अर्ज भरून घेतला आणि उत्तरे तीन महिन्यांनी उघडली, तर आकडा मिळेल, पण मदत मागणारा हात रिकामाच राहील. अशा सर्वेक्षणात केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ठळकपणे छापणे ही किमान अपेक्षा ठरते.

तुलना करण्याआधी

अहवालांमध्ये तुलना आवर्जून असतात. ग्रामीण विद्यार्थी शहरी विद्यार्थ्यांपेक्षा अधिक तणावग्रस्त, मुली मुलांपेक्षा अधिक समाधानी, मराठी माध्यमातून आलेले मागे, अशा स्वरूपाचे निष्कर्ष त्यांत असतात. अशा तुलनेआधी एक अट पूर्ण व्हावी लागते. श्रेणीतील विधानांचा अर्थ दोन्ही गटांना सारखाच लागला पाहिजे. ‘ग्रंथालयाच्या सोयी पुरेशा आहेत’ या विधानावर जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारा विद्यार्थी पूर्ण सहमत होतो, कारण त्याच्या गावात ग्रंथालयच नव्हते. महानगरातील विद्यार्थी त्याहून मोठ्या ग्रंथालयाविषयी असमाधानी असतो. दोघांच्या गुणांची तुलना करून पहिले ग्रंथालय सरस ठरवणे हास्यास्पद होईल. मापन दोन्ही गटांत समतुल्य आहे का, हे तपासण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती उपलब्ध आहेत आणि संगणकामुळे त्या अवघडही राहिलेल्या नाहीत. समतुल्यता न तपासता काढलेला ‘मागासलेपणा’ हा कदाचित विद्यार्थ्यांचा नसून प्रश्नावलीचा असतो. पण त्याचा शिक्का मात्र विद्यार्थ्यांवर बसतो.

मोजमापाचा निर्णयासाठी वापर

संशोधनातील चूक निबंधापुरती राहिली तर तिचे नुकसान मर्यादित असते. त्याच श्रेणीवरून माणसांची नेमणूक, बढती किंवा संस्थेची प्रतवारी ठरू लागली की तिची किंमत वाढते. विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या अध्यापनाला दिलेल्या गुणांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९७० मध्ये अमेरिकेत एका नटाला ‘डॉ. फॉक्स’ या नावाने तज्ज्ञ म्हणून उभे करण्यात आले. मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षकांपुढे त्याने आकर्षक शैलीत, पण परस्परविरोधी आणि आशयशून्य व्याख्यान दिले. श्रोत्यांनी भरलेल्या प्रश्नावलीत त्याला भरघोस गुण मिळाले. १९७३ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. श्रोत्यांचे समाधान आणि श्रोत्यांचे शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले. पुढे २०१८ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील तेव्हाच्या रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवादाने निर्णय दिला की, विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणातील गुण बढती आणि कायम नेमणुकीसाठी अध्यापनाच्या परिणामकारकतेचे माप म्हणून वापरता येणार नाहीत.

भारतात राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेने, म्हणजे ‘नॅक’ने, २०१७ मधील सुधारित आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. एकवीस प्रश्नांच्या या प्रश्नावलीतील शेवटचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या सूचनांसाठी खुला ठेवला होता आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरे संस्थेच्या गुणांकनात धरली जात. विद्यार्थ्यांचे म्हणणे प्रथमच देशव्यापी मूल्यांकनात अधिकृतपणे आले, ही त्याची जमेची बाजू मान्य करावी लागेल. परंतु उत्तरांवर आपल्याच महाविद्यालयाची श्रेणी अवलंबून आहे, हे उत्तर देणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याच्या उत्तराचा अर्थ बदलतो. पदवीवर त्याच महाविद्यालयाचे नाव असणार, हे तोही जाणतो. संशोधनासाठी विचारलेला प्रश्न आणि निकालासाठी विचारलेला प्रश्न यांचे शब्द एक असले तरी मोजमाप एक राहत नाही. म्हणून प्रतवारीसाठी वापरायच्या प्रत्येक प्रश्नावलीची वैधता त्याच वापराच्या संदर्भात स्वतंत्रपणे सिद्ध व्हायला हवी. तिचे पुरावेही सर्वांना पाहता आले पाहिजेत.

हे काम का होत नाही

दोष केवळ संशोधकांवर टाकून चालणार नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात पीएच. डी.साठी सुमारे १.१७ लाख विद्यार्थी नोंदलेले होते. २०२१-२२ मध्ये ही संख्या २.१२ लाखांवर गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी.चा कालावधी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा आहे. नोकरी, अध्यापन आणि घर सांभाळून संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला या मुदतीत आधी श्रेणी घडवायची आणि मग तिने काही मोजायचे, हे दोन्ही पेलत नाही. श्रेणी घडवणे हेच एक स्वतंत्र संशोधन आहे, हे मार्गदर्शकांनी आणि विद्यापीठांच्या संशोधन समित्यांनी खुलेपणाने मान्य केले तर अर्धी कोंडी फुटेल. ‘मराठी माध्यमाच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी परीक्षाभीतीची श्रेणी’ एवढाच विषय घेऊन केलेला नेटका प्रबंध, घाईने जमवलेल्या प्रश्नावलीवरील दहा तुलनात्मक अभ्यासांपेक्षा अधिक काळ उपयोगी पडेल.

दुसरी अडचण विखुरलेपणाची आहे. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात देशभरातील प्रबंध खुले आहेत. त्यांच्या परिशिष्टांत विविध भारतीय भाषांतील प्रश्नावल्या आहेत. कोणती प्रश्नावली कोणत्या गटावर तपासली, तिचे निकाल काय आले, ती कोणाला वापरता येईल, याची सूची मात्र प्रत्येकाने स्वतः शोधावी लागते. परिणामी प्रत्येक संशोधक नव्याने श्रीगणेशा करतो. दिल्लीत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे शैक्षणिक व मानसशास्त्रीय चाचण्यांचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याच धर्तीवर उच्च शिक्षणासाठी भारतीय भाषांतील श्रेणींची खुली नोंदपेढी उभी राहिल्यास एका संशोधकाच्या श्रमावर दुसऱ्याला पुढचा मजला चढवता येईल. भोपाळ, बडोदा, हैदराबाद किंवा बेळगाव येथील मराठी विद्यार्थ्यांवर एकच श्रेणी तपासली गेली, तर तिची ताकदही वाढेल.

तिसरी गरज वाचकांच्या बाजूची आहे. सर्वेक्षणाची बातमी देणाऱ्यांनी आणि त्यावर निर्णय घेणाऱ्यांनी काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे. श्रेणी कोणासाठी तयार झाली होती? ती कोणत्या भाषेत भरून घेतली? या विद्यार्थ्यांवर ती आधी तपासली होती का? किती जणांना पाठवली आणि किती जणांनी भरली? ती वर्षाच्या कोणत्या महिन्यात भरली गेली? यांची उत्तरे नसतील तर टक्केवारी प्रसिद्ध करण्याची घाई करू नये.

निष्कर्ष

विद्यार्थ्यांचे मन मोजता येत नाही, असा याचा अर्थ नाही. काळजीपूर्वक घडवलेल्या श्रेणी एरवी न दिसणाऱ्या वेदनेला शासनाच्या आणि समाजाच्या नजरेसमोर आणतात. हेच त्यांचे मोल आहे. म्हणूनच त्या घडवताना कसूर होता कामा नये. चुकीच्या मोजपट्टीमुळे दोन प्रकारची हानी संभवते. जो विद्यार्थी ठीक आहे त्याच्यावर आजाराचा शिक्का बसतो आणि जो खरोखर बुडतो आहे तो ‘सर्वसाधारण’ या रकान्यात दडून राहतो. दुसऱ्या प्रकारची चूक भरून काढता येत नाही.

राष्ट्रीय कृती दलाच्या नेमणुकीमुळे विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याकडे देशाचे लक्ष वेधले गेले आहे. या निमित्ताने विद्यापीठांनी आपापल्या भाषेत, आपापल्या विद्यार्थ्यांवर तपासलेली मोजमापाची साधने तयार करण्याचे काम हाती घेतले, तर त्याचा उपयोग एका अहवालापुरता राहणार नाही. वसतिगृहाच्या खोलीत बसून अर्ज भरणारा विद्यार्थी ज्या शब्दांत आपले मन सांगू शकेल, ते शब्द त्या अर्जात असले पाहिजेत. मापनाच्या साऱ्या शास्त्राची सुरुवात तिथून होते.